जुन्या लेन्सना संरक्षक फिल्टर: आधी आटे, मग काच

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे चार जुन्या लेन्स आहेत: हेलिओस ४४-२, जुपिटर-८, सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आणि युद्धापूर्वीची लायट्झ एल्मार ५० मिमी एफ/३.५. चारींना संरक्षक फिल्टर लावायचे आहेत. जुपिटरचं तोंड कॅलिपरनं मोजलं, ४० मिमी भरलं, म्हणून ४० चा फिल्टर आणला, तर तो न फिरताच आत पडतो. टाकुमारवर आधीच्या मालकाचा फिल्टर आहे आणि तो जागचा हलत नाही. एल्मारला आटेच दिसत नाहीत. आणि हे सगळं करायची खरंच गरज आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

गरजेचं आधी बघू, कारण कुठला फिल्टर घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

लेन्स आपटली तर फिल्टर वाचवेल, या भरवशावर फिल्टर लावू नका. फिल्टरची काच एक-दोन मिमी जाडीची, सपाट आणि पातळ रिंगमध्ये धरलेली असते. लेन्सची पुढची काच तिच्यापेक्षा कितीतरी जाड आणि बहुधा बाहेरून फुगीर असते. ज्या धक्क्यानं फिल्टरचा चुरा होतो, त्या धक्क्यानं लेन्सच्या काचेला बरेचदा काहीच झालं नसतं. उलट फुटलेल्या फिल्टरचे टोकदार तुकडे पुढच्या काचेवर घासतात आणि चेपलेली रिंग आट्यांत कायमची रुतून बसते. माझ्याकडे दुरुस्तीला अशा लेन्स येतात तेव्हा मालक सांगतो, ‘फिल्टर होता म्हणून वाचली.’ मी वाद घालत नाही, पण काम वाढवलेलं असतं ते त्या फिल्टरनंच. धक्क्यासाठी धातूचा किंवा रबराचा हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारा कठडा, लावा. तो मार स्वतःवर घेतो आणि उजेडाच्या बाबतीतही मदतच करतो.

फिल्टरचं खरं काम वेगळं आहे. तो काचेला फडक्यापासून वाचवतो. जुन्या लेन्सच्या पुढच्या काचेवर जे बारीक जाळं दिसतं ते पडल्यामुळे आलेलं नसतं. वर्षानुवर्षं शर्टाच्या टोकानं पुसल्यामुळे आलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. वर्तुळाकार, एकमेकांत गुंतलेले केसासारखे ओरखडे दिसले तर ते पुसण्याचेच. जुन्या काचांना हे फार लवकर होतं. झाइस या जर्मन लेन्स कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या कोटिंगचं पेटंट १९३५ मध्ये घेतलं, पण सुरुवातीची बरीचशी कोटिंगं मऊ होती. १९४० आणि ५० च्या दशकांतल्या लायट्झच्या सुमिटार आणि सुमारिट या लेन्स त्यासाठी बदनामच आहेत. त्यांची पुढची काच स्वच्छ सापडणं दुर्मीळ. अशा लेन्सवर मी डोळे झाकून फिल्टर ठेवतो. याउलट टाकुमारचं कोटिंग चांगलं कडक आहे. पेंटॅक्सनं १९७१ मध्ये बहुपदरी कोटिंगची टाकुमार आणली, पण त्याआधीच्या एकपदरी टाकुमारही नीट वापरल्या तर काही बिघडत नाही. तिथं फिल्टर ऐच्छिक.

एल्मार युद्धापूर्वीची आहे, म्हणजे मुळात कोटिंगविना (काहींना युद्धानंतर कोटिंग करून घेतलेलं आढळतं). तिच्या काचेवर निळसर-जांभळी झाक दिसली तर घाण समजून घासत बसू नका. काचेचा पृष्ठभाग काळानं बदलल्यामुळे येणारी ती झाक परावर्तन कमीच करते. कुक ट्रिप्लेट लेन्सचे जनक डेनिस टेलर यांनी १८९० च्या दशकात हेच टिपलं होतं, की काळवंडलेल्या काचेतून नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत जातो. कोटिंगची कल्पना तिथूनच पुढे आली.

आता जुपिटरचं कोडं.

फिल्टरवर लिहिलेला आकडा आट्यांचा बाहेरचा, म्हणजे सर्वांत मोठा व्यास सांगतो. तुम्ही कॅलिपरचे जबडे लेन्सच्या तोंडात घालून मोजलं, म्हणजे आट्यांच्या आतल्या कडा मोजल्या. हा आतला व्यास लिहिलेल्या आकड्यापेक्षा पिचच्या साधारण १.०८ पटीनं कमी भरतो. पिच म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर. पिच ०.५ मिमी असेल तर सुमारे अर्धा मिमी कमी, ०.७५ असेल तर सुमारे ०.८ मिमी कमी. तुमचं माप ४० आलं, त्यात अर्धा मिळवला की ४०.५. जुपिटर-८ ला ४०.५ मिमी, ०.५ पिचचाच फिल्टर लागतो. ४० चा फिल्टर त्या तोंडात सरळ खाली जाणार, कारण त्याच्या आट्यांची टोकं तुमच्या लेन्सच्या आट्यांना जेमतेम टेकतात. याच हिशेबानं ४९ च्या लेन्सचं तोंड आतून ४८.२ च्या आसपास भरतं, आणि त्यावरून लोक ४८ चा फिल्टर मागवतात.

गंमत म्हणजे ४० आणि ४८ या मापांचे फिल्टरही खरोखर अस्तित्वात आहेत. कॅननच्या रेंजफाइंडर (फोकस वेगळ्या छोट्या खिडकीतून जुळवायच्या) कॅमेऱ्याच्या ५० मिमी एफ/१.८ ला ४० लागतो आणि एफएल मालिकेतल्या ५० मिमी एफ/१.८ ला ४८. त्यामुळे ‘असा आकडा असूच शकत नाही’ असं म्हणून सुटता येत नाही. आकडा काढायचा तर पिचसकट काढायचा.

पिच मोजायला वेगळं हत्यार लागत नाही. लेन्सच्या आट्यांचा भिंगातून किंवा मोबाइलच्या मॅक्रोमधून फोटो घ्या, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरा आणि तीन मिमीत किती आटे बसतात ते मोजा. चार असले तर ०.७५, सहा असले तर ०.५. आटे तीन मिमी खोल नसले तर दीड मिमीत दोन की तीन ते बघा. ढोबळ नियम असा की ४०.५ आणि त्याखालचे जुने लेन्स बहुतेक ०.५ चे, ४३ च्या वरचे बहुतेक ०.७५ चे. लायकाचा (लायट्झच्याच कॅमेऱ्यांचं नाव) ३९ मिमी ०.५ चा आहे. सोव्हिएत इंडस्टार-५० च्या एसएलआर (लेन्समधूनच आरशानं बघायच्या कॅमेऱ्याच्या) आवृत्तीला ३५.५ मिमी, ०.५ लागतो. पण नियमावर विसंबू नका. जुन्या लेन्समध्ये अपवाद हवे तेवढे मिळतात. व्यास बरोबर आणि पिच चुकीचा असेल तर फिल्टर पहिला अर्धा-पाऊण फेरा छान फिरतो आणि मग अडतो. तिथं जोर लावलात की लेन्सचे आटे गेले. जुन्या लेन्सची रिंग नुसती बदलून मिळत नाही, त्यामुळे फेकायचा झाला तर तो फिल्टर फेका.

टाकुमार आणि हेलिओस ४४-२ दोघींना ४९ मिमी, ०.७५ पिच. एकच फिल्टर दोन्हींवर चालेल.

एल्मारचा प्रकार वेगळा. तिला आटे नाहीत, कारण तिचा फिल्टर बाहेरून सरकवून बसवायचा असतो. लायकाच्या भाषेत ए३६, म्हणजे ३६ मिमी बाहेरच्या व्यासावर चढणारा. जुने ए३६ फिल्टर मिळतात, आणि ३६ वर चढवून पुढे ३९ चे आटे देणारी रिंगही मिळते. जुना सरकता फिल्टर घेताना त्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. तिथं खरखर लागली तर तो लेन्सच्या कडेचं निकेल किंवा क्रोम ओरबाडणार. सैल असेल तर आत पातळ कागदी चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. पक्कडीनं रिंग दाबून घट्ट करायला जाऊ नका, ती गोल राहत नाही. आणखी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. या एल्मारचा अॅपर्चरचा, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करायचा, छोटा खटका पुढच्या तोंडावर, कडेच्या आत असतो. फिल्टर चढला की तो झाकला जातो. प्रत्येक वेळी फिल्टर काढा, अॅपर्चर बदला, परत चढवा. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला हे दोन दिवसांत नकोसं होतं. म्हणून एल्मार वापरात असताना उघडी आणि बॅगेत असताना झाकणासह, असं मी सुचवेन.

आटे नसलेल्या इतर जुन्या लेन्स पुढे तुमच्या हाती येतीलच, म्हणून त्यांचंही सांगतो. ‘सिरीज’ फिल्टर म्हणजे आटे नसलेल्या रिंगमधली नुसती गोल काच. ती लेन्सवरच्या अडॅप्टरमध्ये ठेवायची आणि वरून हूड किंवा दुसरी रिंग फिरवून अडकवायची. आकडे रोमन अंकांत लिहिलेले असतात: सिरीज सहा म्हणजे ४१.३ मिमी, सात म्हणजे ५०.८, आठ म्हणजे ६३.५. मापं इंचात ठरलेली असल्यामुळे अशी विचित्र वाटतात. लायकाच्या सुरुवातीच्या आर लेन्स आणि जुनी सुमिलक्स ३५ मिमी या पद्धतीच्या आहेत. सिरीज फिल्टर घालताना काच हलत नाही ना ते कानाजवळ हलवून बघा. खुळखुळला तर अडकवणारी रिंग पूर्ण बसलेली नाही. दुसरा प्रकार बायोनेटचा, म्हणजे खाचांत अडकवून थोडं फिरवायचा. त्याच्या मापांना ‘बे’ म्हणतात. रोलायफ्लेक्सचे बहुतेक एफ/२.८ कॅमेरे बे तीन, ३.५ ई आणि एफ हे बे दोन, रोलायकॉर्ड, याशिका मॅट १२४जी आणि मिनोल्टा ऑटोकॉर्ड बे एक. हॅसलब्लाडच्या जुन्या सी लेन्सना बी५०, नंतरच्या सीएफना बी६०. बायोनेट पाव फेऱ्याच्या आत बसतो. बसला नाही तर माप चुकलंय, अजून फिरवायचं बाकी आहे असं नाही. रोलायफ्लेक्ससारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला बायोनेटवरून मोठ्या आट्यांकडे नेणारी रिंग लावलीत तर ती वरच्या, बघायच्या लेन्ससमोर येते का ते आधी तपासा.

माप जुळलं. आता बसवायचं कसं?

लेन्स तोंड खाली करून धरा आणि कोरड्या, मऊ दातांच्या ब्रशनं आटे झाडा. तोंड खाली, म्हणजे कचरा काचेवर पडत नाही. जुन्या लेन्सच्या आट्यांत धूळ, हूडच्या रंगाची पापुद्रं, कधी ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी असते. मग फिल्टरच्या आट्यांवर मऊ पेन्सिलीचं शिसं दोन-तीन वेळा ओढून जादाचं फडक्यानं पुसून घ्या. शिसं फिल्टरलाच लावायचं, लेन्सला नाही. आता लेन्स टेबलावर तोंड वर करून ठेवा, फिल्टर सपाट वर ठेवा आणि आधी उलटा, म्हणजे काढायच्या दिशेनं, हलक्या हातानं फिरवा. एका जागी तो ‘टक’ करून किंचित खाली बसेल. आट्यांची दोन्ही टोकं तिथं एकमेकांसमोर आलेली असतात. तिथून बसवायच्या दिशेनं फिरवा. सगळं बोटांच्या टोकांनी, अंगठ्याचा जोर न लावता. साधारण तीन फेऱ्यांत तो तळाला टेकतो. टेकला की थांबा आणि केसभर मागं घ्या. फिल्टरवर कसला ताण येत नसतो, त्यामुळे आवळण्यानं काही साध्य होत नाही. फक्त काढताना पंचाईत होते.

फिल्टरची रिंग पितळेची असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या. ॲल्युमिनियमचे आटे ॲल्युमिनियममध्ये एकमेकांना चावतात, पितळ सहसा चावत नाही.

बसवल्यावर फिल्टरची काच लेन्सच्या काचेला टेकत नाही ना, हे बघायलाच हवं. काही जुन्या लेन्सची पुढची काच कडेच्या जवळजवळ बरोबरीनं फुगलेली असते आणि काही फिल्टरमध्ये काच मागं, आट्यांच्या अंगाला बसवलेली असते. हे दोन एकत्र आले की संरक्षक फिल्टरच काचेच्या मधोमध गोल डाग पाडतो. तपासायचं असं: फिल्टर बसवून दिव्याचा उजेड त्यात परावर्तित होईल असं तिरकं बघा. मधोमध काळसर ठिपका आणि त्याभोवती इंद्रधनुषी बारीक वर्तुळं दिसली, तर दोन्ही काचा टेकल्यात किंवा टेकायच्या बेतात आहेत. लगेच काढा. ज्या लेन्समध्ये फोकस करताना पुढच्या काचा कडेच्या तुलनेत पुढंमागं होतात, तिथं ही तपासणी अनंताला (सर्वांत दूरच्या फोकसला) आणि जवळच्या फोकसला, दोन्हीकडे करा. हेलिओसमध्ये हा प्रश्न नाही. तिची काच चांगली आत बसलेली आहे.

काचेची निवड फार डोकं खाण्यासारखी नाही, पण एका बाबतीत कंजुषी नको. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. चांगलं बहुपदरी कोटिंग हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागामागं अर्ध्या टक्क्याच्या खाली आणतं. प्रकाश कमी होतो ही अडचण नाही, तो परत फेकलेला प्रकाश जातो कुठं ही अडचण आहे. जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळातच मऊ, त्यात साध्या काचेचा फिल्टर लावलात की समोरून उजेड आल्यावर सगळं दुधट होतं. आणि मग लोक लेन्सला नावं ठेवतात.

रात्रीच्या फोटोत आणखी एक गोष्ट होते. चौकटीत वर डावीकडे रस्त्यावरचा दिवा असेल, तर खाली उजवीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर त्याचं हिरवट, उलटं भूत दिसतं. प्रकाश सेन्सरवरून परत उलटतो, लेन्समधून मागं बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा लेन्समधून आत जाऊन केंद्राच्या विरुद्ध बाजूला फोकस होतो. लेन्सची पुढची काच वक्र असल्यामुळे ती एवढं नेमकं बिंब बनवत नाही. सपाट फिल्टर बनवतो. फिल्मपेक्षा सेन्सर जास्त चकचकीत, म्हणून डिजिटलवर हे जास्त. महागातला महाग फिल्टरही ते फक्त फिकं करतो. त्यामुळे दिवे चौकटीत असतील, सूर्य समोर असेल, तर फिल्टर काढायचा. एवढा हलक्या हातानं बसवा म्हणून मी सांगतोय ते यासाठीच.

डिजिटलवर यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) आणि पारदर्शक फिल्टर यांत व्यवहारात फरक पडत नाही, कारण सेन्सरसमोरची काच यूव्ही अडवतेच. रंगीत फिल्मवर यूव्ही घ्या. कृष्णधवल फिल्म वापरत असाल तर हलका पिवळा फिल्टर कायम ठेवा. तो आकाश जरा गडद करतो, ढग उठून दिसतात, आणि काचही झाकली जाते. जुने फिल्टर घेताना ते उजेडासमोर धरा. दोन काचांमध्ये जिलेटिन चिकटवलेले काही जुने रंगीत फिल्टर कडेनं सुटू लागतात आणि तिथं पांढरट झालर दिसते. ते घेऊ नका.

टाकुमारच्या बाबतीत यूव्हीचा एक वेगळा धागा आहे. सात काचांच्या आवृत्तीतल्या एका काचेत थोरियम आहे आणि काळानुसार ती पिवळी पडते. उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. तसं करायचं असेल तर यूव्ही फिल्टर काढूनच करा, नाहीतर जे आत जायला हवं तेच अडवाल. उन्हात ठेवताना लेन्सनं ऊन एका बिंदूवर आणून मागचं काही जाळू नये म्हणून मागचं झाकण लावून ठेवा.

लेन्सगणिक वेगळा फिल्टर घेण्याऐवजी स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी) लावून सगळं ४९ किंवा ५२ वर आणावं का, असं तुम्ही पुढं विचाराल. रंगीत फिल्टरसाठी हो, संरक्षणासाठी मला ते पसंत नाही. जुपिटरसारख्या लहान लेन्सवर ४०.५ वरून ५२ ची थाळी बसवली की तिचा तोल आणि रूप दोन्ही जातं, रेंजफाइंडरच्या चौकटीचा कोपरा झाकला जातो आणि कडेला धक्का बसला तर तो मोठ्या तरफेनं लहान आट्यांवर येतो. वाइड लेन्सवर रिंग, फिल्टर आणि हूड अशी उतरंड रचलीत तर कोपरे काळे होणारच. त्यावर उपाय म्हणून अगदी पातळ फिल्टर घ्याल, तर त्यांपैकी काहींना पुढं आटे नसतात, म्हणजे हूड आणि झाकण दोन्ही गेलं. जुन्या लेन्सचं सरकवून बसणारं धातूचं झाकणही फिल्टरवर बहुतेक वेळा चढत नाही. फिल्टर मागवताना झाकणाचाही विचार करा.

आता अडकलेला फिल्टर. इथं घाई करणाऱ्यांनी जितक्या लेन्स खराब केल्यात तितक्या बुरशीनं केल्या नसतील.

दोन बोटांच्या चिमटीत रिंग दाबून फिरवू नका. चिमटीत ती किंचित लांबुळकी होते आणि दोन जागी आणखी घट्ट बसते. जाड रबराचा सपाट तुकडा टेबलावर ठेवा, लेन्स तोंड खाली करून त्यावर टेकवा, म्हणजे फिल्टरची कडा सगळीकडून सारखी धरली जाईल. मग लेन्सचा पुढचा भाग धरून हलका दाब देत फिरवा. लेन्स उलटी असल्यामुळे दिशा चुकते, आधी मनाशी पक्की करा: वरून, म्हणजे माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या) बाजूनं बघताना लेन्स घड्याळाच्या उलट दिशेला. एवढ्यानं बरेचसे फिल्टर सुटतात. नाही सुटला तर फिल्टर काढायचे प्लास्टिकचे पाने जोडीनं मिळतात. ते रिंगला अर्ध्याहून जास्त वेढतात, म्हणून चिमटीसारखं दाबत नाहीत.

लेन्स कुठं धरता याला फार महत्त्व आहे. फोकसची रिंग धरून जोर लावलात तर सगळा पीळ हेलिकॉइडच्या (फोकससाठी काचा पुढंमागं करणाऱ्या आट्यांच्या नळीच्या) अडथळ्यावर येतो. हेलिओस ४४-२ च्या पुढच्या बाजूला अॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत, बोटं नकळत त्यांवरच जातात. जुपिटर-८ मध्ये तर काचांचा पूर्ण गट फोकसच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो आणि त्यांच्यामध्ये अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या असतात. अडकलेला फिल्टर पिळताना फिल्टरऐवजी हा गटच सुटून हातात येतो. तसं झालं तर चकती हरवू देऊ नका आणि परत बसवताना पूर्वीइतकीच बसवा, नाहीतर फोकस हलेल. काही लेन्समध्ये नाव कोरलेली रिंगही फिल्टरबरोबर फिरू लागते. म्हणून पिळण्याआधी फिल्टर आणि लेन्सच्या कडेवर पेन्सिलीनं एक सलग रेघ मारा. फिरतंय ते नेमकं काय, हे रेघ तुटल्यावर कळतं.

गंज सोडवणारं तेल सोडू नका, थेंबभरसुद्धा. ते आट्यांतून आत झिरपतं, काचेच्या कडेनं पसरतं, आणि अॅपर्चरच्या पात्यांवर पोचलं की लेन्स उघडावीच लागते. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्लाही मिळेल. ॲल्युमिनियम पितळेपेक्षा थोडं जास्त आकसतं हे खरं, पण काही हजारांश मिमीच्या फायद्यासाठी आत दव धरण्याचा धोका मी घेत नाही.

रिंगच चेपलेली असेल तर हे काहीच चालत नाही. चेपलेला भाग आधी आतून लाकडी गोलाकार ठोकळा लावून किंवा लेन्सची कडा उघडायच्या खास शिकंज्यानं सरळ करावा लागतो. शेवटचा उपाय म्हणजे फिल्टरची काच अडकवणारी आतली रिंग सोडून काच काढायची, लेन्सच्या काचेवर पुठ्ठ्याची चकती चिकटवून झाकायची, फिल्टरची रिंग बारीक करवतीनं दोन जागी लेन्सच्या आट्यांपर्यंत न पोचता कापायची आणि पक्कडीनं आत वाकवायची. हात सरावलेला नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याला द्या. फिल्टर जातो, लेन्स राहते.

ठेवणीबद्दल एवढंच. फिल्टर म्हणजे हवाबंद झाकण नाही. दमट हवा आत जातेच आणि तिथं अडकून राहते. जुन्या लेन्समधलं ग्रीस हळूहळू उडून जवळच्या काचांवर पातळ थर धरतं, तो फिल्टरच्या आतल्या अंगालाही दिसतो. लेन्स काही महिने ठेवून द्यायची असेल तर फिल्टर काढून, दोन्ही बाजूंनी पुसून, वेगळा ठेवा. वापरात असेल तरी अधूनमधून फिरवून मोकळा करा.

आणि पुढं कधी आरशाची टेलिफोटो लेन्स, म्हणजे रिफ्लेक्स-निक्कोरसारखी, घ्याल तेव्हा मागच्या बाजूचा छोटा फिल्टर ‘नको’ म्हणून काढून टाकू नका. पुढचा फिल्टर दूरच्या वस्तूचा फोकस हलवत नाही, पण मागचा त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश एवढा हलवतो, आणि त्या लेन्सची रचना तो धरूनच केलेली असते.

तुमच्या चारींचा हिशेब मग असा होतो. जुपिटरला ४०.५, ०.५ पिचचा बहुपदरी कोटिंगचा पारदर्शक फिल्टर, आणि ४० चा परत. टाकुमारचा अडकलेला फिल्टर रबरावर सोडवून बघा. सुटला की आटे झाडून ४९ चा पितळी फिल्टर घ्या, तोच हवा तेव्हा हेलिओसवर न्या. हेलिओसची काच आतच असल्यामुळे तिला एरवी हूडही पुरेल. एल्मारला ए३६ चं सरकतं झाकण, आणि धुळीच्या किंवा समुद्राच्या फवाऱ्याच्या जागी जाणार असाल तेवढ्यापुरता ए३६ फिल्टर, अॅपर्चर आधी लावून.